दहा डब्यांचा लोड

डोळखांबच्या अलीकडच्या पाड्यावर कमळाकरची पिठाची गिरणी होती आणि ती बंद असायची. बिघडली होती म्हणाल, तर छे! कमळाकरच ती चालू करत नसे.

बावीस वर्षं जहाजावर तेलपाणी बघून तो गावी परतला, तो भंगारातलं बोटीचं डिझेल इंजिन घेऊनच. भलं दांडगं धूड, आणि जुंपलं कशाला? एका चक्कीला! आता बोला.

"लोड नसला की ह्ये गरम होत नाय," तो सांगायचा. "डिझेल धड जळत नाय, तेलात उतरतं, तेल पातळ होतं नि आतला कॅमशाफ्टचा दांडा झिजतो. दुसरा कुठून आणू?" म्हणून नियम ठरला. दहा डबे जमल्याशिवाय हँडल मारायचं नाय. गिऱ्हाइकं वैतागून डोळखांबला जायला लागली.

त्या दिवशी गोजाबाई दोन किलो नाचणी घेऊन सकाळपासून ओट्यावर बसली होती.

"अवो, म्हातारीचं दळा," भागीरथी नवऱ्याला म्हणाली. "नायतर उद्या भंगारवाला बोलावते नि लाइटवरची चक्की बसवते."

"दोन किलोसाठी कॅमशाफ्ट मारू?"

"बरं."

दुपारी कमळाकर जेवायला आत गेला, तर चूल थंडगार.

"एका ताटासाठी पेटवली की चूल झिजते," भागीरथी शांतपणे म्हणाली. "दहा जण जमू द्या."

कमळाकरचं तोंड बघण्यासारखं झालं. पण इंजिन भंगारात जायचं ह्या नुसत्या विचारानं तो भूकही विसरला. त्यानं हातगाडी काढली. कधी कुणाच्या दारात न गेलेला माणूस घरोघरी दळण मागत फिरला! चार वाजता दहा डबे घेऊन घामाघूम परत आला.

इंजिन असं धडाडलं की कोंबड्या पळाल्या. इंजिनाच्या तापलेल्या झाकणावर हात ठेवून कमळाकर चक्क रडला.

"दर बुधवारी असाच दारात ये, डबे देऊ," पीठ न्यायला आलेल्या बायका म्हणाल्या. भागीरथीनं भंगारवाल्याचा विषय सोडला.

इंजिन बंद करून कमळाकर म्हणाला, "आता तरी चूल पेटव गो."

"पीठ कुठाय? गावचं दळलंत, घरचा डबा तसाच ऱ्हायला."

कमळाकरनं हँडल उचललं, इंजिनाकडं पाह्यलं नि गुपचूप खाली ठेवलं. गोजाबाईनं हसत आपल्या डब्यातलं ओंजळभर पीठ भागीरथीच्या परातीत टाकलं.

कमळाकर ओशाळला. "गोजाबाय, पुढल्या टायमाला तुजा नंबर पयला."

"आजपण पयलाच व्हता रे," गोजाबाई म्हणाली.