पिवळी नळी

माझ्या दोन्ही भावांना देवानं हात दिले सोन्याचे आणि तोंडाला मात्र कुलूप घातलं. एकानं कधी नीट विचारलं नाही, दुसऱ्यानं कधी नीट सांगितलं नाही. आणि मधल्या मधे मी. दिवसभर टकळी चालू असते माझी, गिऱ्हाइकं कंटाळतात, पण नेमकं जिथं बोलायला हवं होतं तिथं शपथेत अडकून बसले. राग येतो हो मला. त्यांचा येतो, माझाही येतो.

थोरला तो दादा. विजेच्या जळक्या मोटारींना पुन्हा तार गुंडाळून द्यायचं बाबांचं वर्कशॉप त्यानं चालवलं. धाकटा बेकरीत भट्टीवर असतो आणि माझ्याच घरी राहतो. त्याला सगळे गोंधळ्या म्हणतात. बेकरीत गोंधळ्या, तलावावर गोंधळ्या, गल्लीतला न्हावीसुद्धा ‘बस गोंधळ्या’ म्हणून खुर्ची पुसतो. हे नाव ठेवलं दादानं. धाकटा तेव्हा हाफ चड्डीत होता. बाबांनी त्याला वर्कशॉपमध्ये चार्जरच्या तारा जोडायला बसवलं आणि त्यानं लाल तारेच्या जागी काळी जोडली. चार्जरमधून भसाभसा धूर. पुन्हा बसवलं, पुन्हा तेच. दादा पोट धरून हसला, म्हणाला, "हा तर एक नंबरचा गोंधळ्या आहे!" बाबाही हसले आणि त्याच्या हातातलं सोल्डरिंग आयर्न काढून घेतलं. पुढं वर्कशॉप दादाला मिळालं, आणि धाकट्याच्या वाट्याला आली बाबांनी लाकडात कोरलेली होडी.

होडी म्हणजे खेळण्यातली, हातभर लांब, पण अशी देखणी की उचलून कडेवर घ्यावी. धाकट्यानं तिच्यात मोटर बसवली, बॅटरी बसवली, रिमोट आणला. रविवारी तलावावर असल्या होड्यांवाल्यांचा मेळा जमतो, तिथं ही पाण्यात उतरली की मोठमोठी बाप्येमाणसं रिमोट खाली ठेवून बघत बसायची. सगळं काम तो माझ्या शिलाईच्या टेबलावर करायचा. मशीनच्या एका अंगाला माझे पडदे आणि उशांचे अभ्रे, दुसऱ्या अंगाला त्याच्या तारा. सोल्डरच्या राळेच्या वासानं माझं डोकं उठायचं. मी ओरडायची आणि तो हसायचा.

त्याच टेबलावर मला ते कळलं. शिवता शिवता मी म्हटलं, "लाल रीळ दे रे." त्यानं काळं दिलं. मी म्हटलं, "डोळे आहेत का बटणं?" तर त्यानं मुकाट्यानं दुसरं उचललं, तेही काळंच. मग मी मशीन थांबवलं. त्याचं त्यालाही ते मोठेपणीच कळलं होतं, ड्रायव्हरच्या नोकरीला गेला तेव्हा. डोळ्यांच्या डॉक्टरनं ठिपक्यांची चित्रं दाखवली आणि नोकरी गेली. लाल रंग त्याला काळपट दिसतो. उन्हात थोडा उलगडतो, सावलीत काळाच.

"अरे, मग दादाला सांग ना!" मी म्हटलं. "तू गोंधळ्या नाहीस, तुला दिसत नाही, एवढंच!"

"आता सांगून काय? वर्कशॉप अर्धं कापून देणार आहे का तो? उलट कीव करेल. त्यापेक्षा गोंधळ्या बरा." आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "तुला माझी शपथ आहे, ताई." झालं. बसले मी तोंड शिवून.

त्यानं स्वतःची युक्ती काढली होती. होडीत बॅटरीच्या दोन तारा आणि मोटरच्या कंट्रोलरच्या दोन तारा एकमेकींना जोडायच्या असतात, उलटसुलट झाल्या तर बॅटरी पेटते. टोकांना सोनेरी पितळी कनेक्टर सोल्डर करायचे, म्हणजे कथील वितळवून टाका मारायचा, आणि वर प्लास्टिकची बारीक नळी चढवायची. ती गरम केली की आक्रसून घट्ट बसते, म्हणजे धातू उघडा राहत नाही, पाणी शिरत नाही. सगळं जग अधिकच्या तारेवर लाल नळी चढवतं, उण्याच्या तारेवर काळी. हा लालच्या जागी पिवळी चढवायचा. पिवळ्याला पिवळी, काळ्याला काळी, चुकायचा प्रश्नच नाही. तलावावरचे विचारायचे, "काय रे गोंधळ्या, तुझ्या होडीला कावीळ झाली का?" तो म्हणायचा, "झालीये, जवळ येऊ नका." इतकी वर्षं एकदाही त्याची होडी बंद पडली नाही.

यंदा दादानं वर्कशॉप विकलं. वहिनी गेल्यापासून एकटाच होता, लेकीनं लांबच्या शहरात बोलावून घेतलं. जायच्या आधीच्या शनिवारी माझ्याकडे आला, बाबांचं जुनं आयर्न पिशवीत घेऊन. धाकटा नेहमीप्रमाणे बेकरीत. दादा यायचा म्हटलं की याला डबल पाळी कुठून मिळायची देव जाणे. पण या खेपेला त्यानंच मला म्हटलं होतं, "उद्या होडी सोडणारे. दादाला यायचं असेल तर येऊ दे." आता हे साधं वाक्य त्याला स्वतः फोनवर बोलता येत नव्हतं का? नाही. माझ्यामार्फत, सरकारी निरोप असल्यासारखं.

मी निरोप सांगितला तर दादाचा चेहरा असा उजळला की मलाच भरून आलं. "खरंच म्हणाला? येऊ दे म्हणाला?" दोनदा विचारलं. मग खुर्ची ओढून बसला. "खूप दुखवलंय गं मी त्याला. वर्कशॉप घेतलं, त्याला साधं बस म्हटलं नाही. एकदा एका टेबलावर दोघं बसावं, एकत्र काहीतरी करावं, एवढंच मनात आहे. जायच्या आधी." होडीचं झाकण उघडून आत डोकावला. "हे टाके बघ त्याचे. राखाडी पडलेत, कच्चे आहेत. उद्या मधल्या पाण्यात एखादी तार सुटली म्हणजे? मी करून ठेवतो नीट. काही बोलू नकोस त्याला, उद्या बघेल."

मला इतका आनंद झाला की मी चहा टाकला. खरंच सांगते, भाऊ भावासाठी काहीतरी करतोय, एवढंच दिसलं मला.

दादा कामाला बसला की बघत राहावं. एका वेळी एकच तार उघडी, दुसरीचं टोक चिंधीत गुंडाळलेलं, बॅटरी जिवंत असते ना. आधी काळी नळी तारेत सरकवून दूर ढकलली. "नळी आधी, आयर्न नंतर," पुटपुटला, "बाबा असंच म्हणायचे." कनेक्टरच्या वाटीत सोल्डर वितळवून भरलं, त्यात तार बुडवली, श्वास रोखून धरली. गार झाल्यावर टाका चकचकीत. मग नळी ओढून लायटरची आच लांबून फिरवली आणि ती कातडीसारखी चिकटली. काळी तार, काळी नळी. धाकट्याचीही उण्याची नळी काळीच होती, मग मला शंका कशी यावी? तेवढ्यात पडद्यांचं गिऱ्हाईक फोनवर फोन करायला लागलं. मी पडदे टांगायला गेले.

परत आले तेव्हा टेबल लख्ख, आणि होडीचं झाकण पाणी शिरू नये म्हणून चारी बाजूंनी चिकटपट्टीनं बंद केलेलं. दादा हात धूत होता. "बॅटरीपण पट्ट्यानं आवळून ठेवलीये. त्यानं नुसतं झाकण उघडायचं, जोडायचं आणि सोडायचं. सकाळी मीच घेऊन जातो, तो पाळी संपवून तिकडेच येईल." मी बरं म्हटलं.

रविवारी सकाळी चिंध्यांचा डबा रिकामा करायला उचलला. वर, माझ्या दोऱ्यांच्या गुंत्यात, कापून टाकलेल्या पिवळ्या नळ्या.

मी तशीच निघाले. पायात घरातल्या सपाता, केसात टाचण्या. दादाला फोन लावला, उचलेना. धाकट्याला लावला, त्याचा फोन बेकरीच्या डब्यात पडलेला असणार. रिक्षावाल्याला म्हटलं, "बाबा रे, पळव, मरायचंय का सगळ्यांना?" त्याला काय कळणार, तो बिचारा घाबरून पळवत सुटला.

तलावाच्या बांधावर पोचले तेव्हा दोघं झाडाच्या सावलीत गुडघ्यावर बसले होते. एकत्र. होडी मध्ये. माझ्या आयुष्यात मी त्या दोघांना असं खांद्याला खांदा लावून बसलेलं पाहिलं नव्हतं, आणि मला तिथं ओरडत जायचं होतं. झाकण उघडं होतं. दादा लहान मुलासारखा विचारत होता, "कसे झालेत? सांग ना, कसे झालेत?"

धाकट्याच्या हातात चार टोकं होती. दादाच्या नजरेनं दोन लाल, दोन काळी. त्याच्या नजरेनं चारही काळी. त्यानं ती उन्हाकडे वळवायला हात थोडा उचललाही होता, मी पाहिलं. पण दादा बघत होता, आजूबाजूला होडीवाले बघत होते. ‘यातली लाल कुठली’ एवढंच विचारायचं होतं. तीन शब्द. अरे, विचारायचं ना रे! कुणाला विचारत होतास, सख्ख्या भावाला ना?

मी बोंबलले, "थांब! जोडू नकोस!"

त्यानं मान वर केली, मला बघून ओळखीचं हसला, आणि दादाकडे वळून म्हणाला, "छान झालेत." आणि टोकं जोडली.

ताडकन आवाज झाला. ठिणग्या, मग पांढरा धूर, मग बॅटरी फुगली आणि बाबांच्या हातचं ते वॉर्निश केलेलं कोरडं लाकूड भडकलं. दादानं वेड्यासारखा हात घातला तारा ओढायला, कोणीतरी त्याला मागं खेचलं. कोणी पाणी, कोणी वाळू. सगळं विझलं तेव्हा काळा सांगाडा उरला होता आणि त्यात दादाच्या चकचकीत टाक्यांचे वितळलेले गोळे.

दादाचा हात भाजला होता. दुखण्यानं म्हणा, होडीसाठी म्हणा, तो ओरडला, "गोंधळ्या! लेका, एवढे नवेकोरे करून दिले तरी लाल-काळं कळत नाही तुला?"

"नाही कळत!" मी म्हटलं. गेली शपथ उडत. "नाही कळत त्याला! लहानपणापासून लाल दिसतच नाही त्याला, म्हणून पिवळ्या लावल्या होत्या. तू त्या कापून कचऱ्यात टाकल्यास!"

दादा धाकट्याकडे बघत राहिला. त्याच्या मनात तो चार्जर आला असणार, बाबांनी काढून घेतलेलं आयर्न आलं असणार, दुसरं काय येणार? मग म्हणाला, "मला का नाही सांगितलंस रे?"

धाकटा होडीचा जळका तुकडा हातात फिरवत होता. आवाज चढवला नाही त्यानं, तेवढा तरी चढवायला हवा होता. म्हणाला, "सांगितलं होतं. चार्जर जळला तेव्हा. म्हटलं होतं, दादा, मला दोन्ही सारख्याच दिसतात. तू हसलास."

दादा खाली बसला. भाजलेला हात बादलीत होता, दुसऱ्या हातानं तोंड झाकलं. तो रडला. माझा दादा, वहिनीच्या वेळी डोळ्यातून टिपूस न काढलेला.

तेवढ्यात पलीकडून एक होडीवाला धावत आला. सगळं होऊन गेल्यावर येणारा एक असतोच. "काय रे गोंधळ्या, काय जाळलंस?"

दादा ताडकन उठला. "त्याला त्या नावानं हाक मारायची नाही! गोंधळ त्याचा नाहीये, माझा आहे!"

"मग काय म्हणू?" तो बिचारा गोंधळून म्हणाला.

"गोंधळ्याच म्हणा," धाकटा म्हणाला. "दुसरं नाव कोणाला ठाऊक आहे?"

जायच्या दिवशी दादा घरी आला. हाताला पट्टी होती. धाकटा कामावर गेला नव्हता, पहिल्यांदाच. दोघं माझ्या टेबलाशी बसले. दादाला एका हातानं जमेना, म्हणून धाकट्यानं तार धरली आणि दादानं आयर्न. नळी आधी, आयर्न नंतर. पिवळ्याला पिवळी, काळ्याला काळी. असे सुंदर जोड झाले की मी मशीन थांबवून बघत होते. दादाला जे हवं होतं ते झालं, एका टेबलावर, दोघांनी मिळून. फक्त ते जोडायला आता काही नव्हतं. धाकट्यानं ते माझ्या बटणांच्या डब्यात ठेवले आणि दादाला बसस्टँडवर सोडायला गेला. बाबांचं आयर्न दादा मागं ठेवून गेला. ते तसंच फडक्यात गुंडाळलेलं आहे, कोणी उघडत नाही. तलावावरही तो पुन्हा गेला नाही.

दादाचा फोन मात्र आता दर रविवारी येतो, माझ्या नाही, धाकट्याच्या फोनवर. तो स्पीकर लावून टेबलावर ठेवतो. पलीकडून दादा म्हणतो, "अरे..." आणि थांबतो. सगळ्या जन्मात त्यानं याला एकाच नावानं हाक मारलीये, ते तोंडाशी येतं आणि तो गिळतो. खरं नाव घ्यायला जीभ वळत नाही. मग इकडून धाकटाच म्हणतो, "बोल दादा, मीच आहे."