टीव्हीने खाल्लेले भाऊ

भाऊंचं म्हणणं फारसं खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत होती. साफ खोटं असतं तर वहिनींनी नवऱ्याला दोन शब्दांत गप्प केलं असतं. त्या कामात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

झालं असं, की पुतणीच्या घरी सगळे जुने अल्बम काढून बसले होते. घरातलं कुठलंही कार्य असो, कॅमेरा कायम भाऊंच्या गळ्यात. त्यामुळे फोटो ढीगभर, आणि भाऊ कशातच नाहीत. पानं उलटता उलटता ते म्हणाले, "मी या घरात होतो याला पुरावा काय? उद्या कुणी विचारलं तर काय दाखवाल?" सगळे हसले. भाऊही हसले. पण चहा अर्धा ठेवून ते गॅलरीत जाऊन उभे राहिले. भाऊंनी चहा अर्धा टाकला म्हणजे काय, हे फक्त वहिनींना कळत होतं.

अगदीच नव्हते असं नाही. टायमरचे फोटो होते. सगळ्यांना ओळीत उभं करायचं, कॅमेरा स्टुलावर ठेवायचा, बटण दाबायचं आणि लाल दिवा लुकलुकतोय तोवर धावत येऊन ओळीच्या टोकाला उभं राहायचं, ही भाऊंची पद्धत. पण असले फोटो अल्बममध्ये कोण लावतो? कुणाचे डोळे मिटलेले, कुणाचं तोंड उघडं, भाऊ स्वतः निम्मे हललेले. सगळे पाकिटांत कोंबून माळ्यावर.

वहिनींनी पदर खोचला. भाऊ रिटायर होतील त्या संध्याकाळी, सगळ्यांच्या देखत, हेच फोटो टीव्हीवर लावायचे. कॉम्प्युटरवर नाही. तो आतल्या खोलीत, आणि तिथे दोन माणसं बसली की तिसऱ्याने दाराबाहेरूनच मान लांब करायची. टीव्हीसमोर मात्र अख्खं खानदान मावतं.

त्यासाठी त्या कॉम्प्युटरच्या क्लासला जाऊ लागल्या. भाऊंना सांगितलं, योगाचा क्लास आहे. रोज मान चोळत घरी यायच्या. "योगा करून माणसाची मान मोकळी होते की आखडते?" भाऊंनी एकदा विचारलं. "नवं आसन आहे, तुम्हाला नाही कळायचं," वहिनी म्हणाल्या, आणि तो विषय तिथेच मिटला.

फोटो स्कॅन झाले, एकामागून एक सरकू लागले, खाली बासरीसुद्धा वाजू लागली. वहिनींनी ती फाइल डिस्कवर उतरवली, डिस्क प्लेअरमध्ये घातली, आणि प्लेअर म्हणाला, डिस्कच नाही. त्यांनी क्लासच्या बाईंना फोन लावला.

"वहिनी, तुम्ही नुसती फाइल उचलून ठेवलीत," बाई म्हणाल्या. "ती कॉम्प्युटरला कळते. प्लेअरला कळतो फक्त पिक्चर. आधी तिचा व्हिडिओ करा, मग डीव्हीडी बनवा."

"एवढंच ना? मग आधी नाही सांगायचं!" बाईंनी आधीच सांगितलं होतं, पण ते असो.

रिटायरमेंटच्या दिवशी भाऊ पंपहाउसवर शेवटच्या ड्यूटीला गेले आणि नवी डिस्क तयार झाली. तेवढ्यात नणंदबाई मदतीला आल्या. त्यांची मदत म्हणजे खुर्चीत बसून सूचना देणं. "लाव बघू, आधी मला दाखव," त्या म्हणाल्या.

वहिनींनी डिस्क लावली. बासरी वाजली. पहिला फोटो आला, दुसरा आला, तिसरा आला.

"वहिनी," नणंदबाई म्हणाल्या, "दादा कुठाय?"

दादा नव्हता. एका फोटोत त्याचं कोपर होतं. एकात बूट. एकात नुसतं नाक, तेही अर्धं. कॉम्प्युटरवर होते ते सगळेच्या सगळे भाऊ टीव्हीवर येईपर्यंत गायब! नणंदबाई हसून हसून खुर्चीतून खाली यायच्या बेतात, आणि वहिनींच्या डोळ्यांत पाणी.

पुन्हा फोन. बाईंनी विचारलं, "टीव्ही कसला आहे? जुना, मागे पोट असलेला? मग बरोबर. असले टीव्ही चित्राच्या कडा खातात. चौकटीमागे जातात त्या. मी सांगितलं नव्हतं, चारी बाजूंनी समास सोडा म्हणून?"

"अहो, माझा नवरा कायम कडेलाच उभा असतो, त्याला मी काय करू?"

समास सोडून बघितला. फोटो लहान केले तर मागच्या खुर्चीवरून माणसं मुगाच्या दाण्याएवढी दिसायची. त्यातून भाऊ कोणते ते ओळखायला पोलीस बोलवावे लागले असते. वहिनी स्क्रीनकडे बघत बसल्या. मग त्यांनी एक फोटो माउसने धरला आणि सरळ बाजूला ओढला. टोकाचे भाऊ आले बरोब्बर मध्ये. दुसऱ्या टोकाची माणसं गेली बाहेर.

"अगं अगं अगं!" नणंदबाई ओरडल्या. "त्या टोकाला मी आहे! मी मुद्दाम टोकाला उभी राहते, बारीक दिसते म्हणून!"

"मग आज इतक्या बारीक दिसाल वन्सं, की दिसणारच नाही," वहिनी म्हणाल्या आणि पुढचा फोटो ओढला.

वेळ थोडा होता. एकेक फोटो बारकाईने बघायला सवड कुणाला? भाऊंचं टोक कुठलं ते बघायचं, ओढायचं, पुढे जायचं. खटाखट. डिस्क लिहून संपली तेव्हा दारात पाहुण्यांच्या चपला जमू लागल्या होत्या. एकदा लावून बघावी म्हणेपर्यंत भाऊच आले, काखेत ऑफिसने दिलेलं भिंतीवरचं घड्याळ घेऊन.

सगळे दाटीवाटीने बसले. दिवा मालवला. वहिनींनी मनातल्या मनात हात जोडले आणि बटण दाबलं.

पडद्यावर भाऊ आले. मधोमध, टीव्हीभर, घामाघूम, शर्ट बाहेर आलेला. खोलीत एकच हशा उसळला. पुन्हा भाऊ, केस उभे. पुन्हा भाऊ, एका पायावर. "मी कुठाय?" "माझा अर्धाच चेहरा?" "अरे, माझ्याच लग्नातून मला कुणी हाकललं?" सगळ्यांची तक्रार एकदम सुरू झाली आणि सगळे पोट धरून हसत होते. भाऊ तर डोळे पुसत होते. "अरे, हा माणूस होता की घरात!" ते म्हणाले, आणि वहिनींचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात तो फोटो आला.

पडद्याच्या मधोमध कुणीच नव्हतं. एका बाजूला माणसं चेंगरून उभी, त्यांच्या टोकाला वहिनी, पंचविशीतल्या. त्यांच्या शेजारी एका माणसाची जागा रिकामी, आणि त्या जागेवर त्यांनी आडवा हात धरलेला. खाली कोपऱ्यात एक पाय. त्या दिवशी भाऊ धावताना घसरले होते आणि कॅमेरा थांबला नव्हता.

वहिनींनी कपाळावर हात मारला. "अगं बाई! पाय दिसला म्हणून घाईघाईत तीच बाजू मध्ये ओढली मी! बंद करते, थांबा."

"थांब," भाऊ म्हणाले. "हात लावू नकोस."

ते उठून टीव्हीपाशी गेले आणि वाकून बघू लागले. पुढचा फोटो आला. त्यात ते होते, आणि वहिनींचा तोच हात त्यांच्या बाहीला धरून होता. त्याच्या पुढच्या फोटोतही. हसण्याच्या नादात आतापर्यंत कुणाचंच तिकडे लक्ष गेलं नव्हतं. वहिनींचंसुद्धा.

"मला वाटायचं, मी आपला धावत येतो आणि मिळेल तिथे घुसतो," भाऊ म्हणाले. "तू जागा धरून ठेवायचीस?"

"मग काय! वन्सं दर वेळी आधी याच टोकाला यायला ढकलायच्या. कोपराने थोपवून धरायचे मी त्यांना, मग जायच्या त्या दुसऱ्या टोकाला."

"मी नाही हो ढकलत!" नणंदबाई म्हणाल्या, आणि खोली पुन्हा हसू लागली. भाऊ हसले नाहीत. ते टीव्हीसमोर जमिनीवरच मांडी घालून बसले, अगदी जवळ, मागच्यांना काही दिसेनासं झालं तरी.

"भाऊ, बाजूला व्हा, आम्हाला बघू द्या की!" मागून पुतण्या ओरडला.

"तुम्ही खूप दिसलात इतकी वर्षं," भाऊ म्हणाले. "अगं, तो मी नसलेला फोटो परत लाव."