खुनी बाईचा आवाज

सीडीच्या तबकडीवर उजेडाचा रंगीत पट्टा सरकला, आणि एवढ्याशा चकतीत आपला तरुणपणचा आवाज मावलाय हे मालिनीबाईंना काही केल्या पटेना. श्रीरंगने ती पुण्यातल्या कुणा हौशी संग्राहकाकडून मिळवलेली – आईची जुनी नभोनाटिका. म्युनिकमधला रविवार, जेवणं आटोपलेली. सोफ्यावर शेजारी वासुदेवराव, पायाशी नात, ऊर्जा.

‘...आणि विभावरी,’ निवेदक म्हणाला.

“आई, तुझं नावच नाही घेतलं?”

“विभावरी म्हणजे मीच. सासरचं नाव रेडिओवर नको होतं.”

वासुदेवराव नुसते खाकरले.

मग दार करकरलं, खडीवर पावलं वाजली, दुधात विष कुणी कालवलं म्हणून वाड्यातले सगळे बागेतल्या माळ्यावर उलटले... ऊर्जाने उशी घट्ट आवळली. मालिनीबाईंना ठाऊक होतं – खुनी माळी नाही, ती मवाळ बोलणारी धाकटी बहीण, त्यांचीच भूमिका. शेवटी ती हसते. ते हसू! स्टुडिओत लाल दिवा विझला तरी कुणी बोलेना, आणि मग निर्माते म्हणाले, “बाई, काटा आला अंगावर.” त्या संध्याकाळी मी जवळजवळ पळतच घरी आले होते... आणि नाटिका लागली त्या रात्री हे म्हणाले – आपल्या घरातली सून खुनी? अशी खदाखदा हसते? पुन्हा तिकडे पाऊल टाकायचं नाही.

एवढंच असतं तर एक वेळ गिळलं असतं. पण पुढे आल्यागेल्याला हे सांगत राहिले, “हिलाच आवड उरली नाही हो,” आणि मी चहाचा ट्रे धरून मान डोलवत राहिले – का? कुणाची अब्रू झाकत होते मी?

“श्रीरंग, पुरे आता,” वासुदेवराव म्हणाले. शेवटचा प्रवेश जवळ आला होता. त्यांनाही तो आठवत असणार. “सोनटाग्सरूए आहे, रविवारची शांतता पाळायची असते इथे, शेजारी तक्रार करतील. आणि तुझ्या आईला तरी कुठे आवड राहिलीय यातली.”

“नाइन, आजोबा! नाही!” ऊर्जा ओरडली.

श्रीरंगचा हात बटणाकडे गेला.

“हात लावू नकोस,” मालिनीबाई म्हणाल्या. “आणि अहो, आवड गेली नव्हती. तुम्ही बंद केलंत.”

आवाज चढला नव्हता. पण श्रीरंग होता तिथेच थांबला, वडिलांकडे बघत राहिला, आणि तेवढ्यात नाटिकेतली ती बहीण हसली – तरुण, निर्लज्ज, खोलीभर. ऊर्जा शहारून आजीला बिलगली. वासुदेवराव गालिच्याकडे बघत होते, कान लाल झालेले.

वाईट वाटायला हवं होतं... म्हातारा माणूस, मुलाच्या घरात, नातीसमोर. मालिनीबाईंनी मनात शोधून पाहिलं, नव्हतं वाटत. उलट छातीत काहीतरी मोकळं झालं होतं, आणि त्याची थोडी भीतीही वाटत होती. आता श्रीरंग विचारेल, खोदून विचारेल. आणि मग पुण्याला परत याच माणसाबरोबर, त्याच दोन खोल्यांत... हे कदाचित बोलणारही नाहीत माझ्याशी.

नाही तर नाही. मी बोलेन.