आधी माझ्यावर चालवून पाहा

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे आणि मला राग आला आहे. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की उसासे टाकतात. मला ते जमणार नाही. मी सरळ सांगतो.

माझा जन्म कारखान्यात झाला. त्यात सांगण्यासारखं फारसं काही नाही, त्या दिवशी माझ्यासारखे चारशे निघाले. तिथून मी एका कचेरीत आलो. दुसरा मजला, खाली चष्म्यांचं दुकान, जिन्यात कायम ओल. तिथे दहा-बारा माणसं दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवत. कुठल्या रुग्णाने कधी यायचं, त्याला कुठलं औषध किती द्यायचं, हे सगळं त्यात साठवलेलं असे.

पहिली चार वर्षं मी पत्रं टाइप केली. मग माझ्यापेक्षा पळणारे नवे संगणक आले आणि मला अडगळीत टाकायचं ठरलं. ते ताईंनी थांबवलं.

ताई तिथल्या तपासनीस होत्या. दुसऱ्यांनी बनवलेलं सॉफ्टवेअर बाहेर जाण्याआधी त्यातल्या चुका शोधायच्या, हे त्यांचं काम. त्या साहेबांना म्हणाल्या, "हा मला द्या. दवाखान्यांत काय तुमच्या टेबलावरच्यासारखी नवीकोरी मशीनं असतात? असलीच खटारी असतात. ह्याच्यावर चाललं तर कुठेही चालेल."

खटारा म्हणाल्या, तरी मला वाईट वाटलं नाही. आजवर मला कुणी मागून घेतलं नव्हतं.

ताईंचा एक नियम होता. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती तयार झाली की त्या आधी मला पूर्ण कोरं करत. मग बनवणाऱ्याने लिहून दिलेला पायऱ्यांचा कागद समोर घेऊन, त्यात लिहिलंय तेवढंच करत ते सॉफ्टवेअर माझ्यावर टाकत. ज्याने ते बनवलं त्याने त्यांच्या खुर्चीमागे उभं राहायचं. हाताची घडी, तोंडावर बोट. तो मागून पुटपुटला, "ताई, तिथे आधी दुसरं बटण दाबायचं," की ताई वळून बघत. "कागदात आहे का ते? नाही ना? मग माझ्या डोक्यात कुठून येणार?" की गेला बिचारा कागद दुरुस्त करायला.

तुम्ही विचाराल, दर वेळी कोरा होत होतास तर तुला हे आठवतं कसं? अहो, माझी डिस्क कोरी होई. मी नव्हे.

ताईंचे यजमान त्याच कचेरीत होते. तयार झालेलं सॉफ्टवेअर दवाखान्यांत नेऊन बसवून द्यायचं काम त्यांचं. सगळे त्यांच्या बायकोला ताई म्हणत, म्हणून हे सगळ्यांचे भाऊजी झाले. साहेबसुद्धा भाऊजीच म्हणत. निघताना ते ताईंच्या टेबलापाशी थांबत.

"तू पास केलंस ना? मग मी डोळे मिटून जातो."

"डोळे मिटून स्कूटर चालवू नका म्हणजे झालं."

अशी नऊ वर्षं गेली. त्या नऊ वर्षांत भाऊजींना एकदाही कुठल्या दवाखान्यातून हात हलवत परत यावं लागलं नाही. साहेब पाहुण्यांना माझ्यासमोर आणून म्हणत, "हा आमचा परीक्षक." मी फुगून जात असे.

मग ताई आजारी पडल्या. सहा महिने अंथरुणावर होत्या, तोवर पोरं त्यांच्या नियमाने माझ्यावर तपासून घेत. मग त्या गेल्या. भाऊजी नवव्या दिवशी कामावर आले. कुणी काही बोलायच्या आत म्हणाले, "घरी बसून काय करू?" त्यानंतर ते ताईंच्या टेबलाच्या बाजूने जातच नसत. पाण्याच्या पिंपाकडे जायलासुद्धा लांबून वळसा घालत.

महिन्याभरात साहेबांनी नियम मोडला. "ताई होत्या तोवर ठीक होतं. प्रत्येक वेळी एक अख्खा दिवस जातो त्यात. पोरांनी आपापल्या मशीनवर बघून घ्यावं." माझी वायर काढली. माझ्या डोक्यावर प्रिंटर ठेवला आणि प्रिंटरवर हेल्मेटं. भाऊजींनी हे सगळं पाहिलं आणि ते काही बोलले नाहीत. मला साहेबांचा राग आला होता, पण भाऊजींचा जास्त आला. ताईंचं काम कसलं होतं हे त्या कचेरीत दुसऱ्या कुणाला इतकं ठाऊक होतं?

आता ज्या दिवशी हे अंगाशी आलं त्या दिवसाचं सांगतो.

ज्यांची मूत्रपिंडं काम करत नाहीत त्यांचं रक्त यंत्राने शुद्ध करावं लागतं. त्याला डायलिसिस म्हणतात. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. दर वेळी शरीरात साठलेलं जास्तीचं पाणीही काढायचं असतं, आणि ते किती काढायचं हे रुग्णाच्या ठरलेल्या वजनावरून कळतं. ते वजन चुकलं की जिवाशी खेळ. एका डायलिसिस केंद्रात ही सगळी वजनं आमच्या सॉफ्टवेअरमध्ये होती. त्याची नवी आवृत्ती घेऊन भाऊजी सकाळी साडेसातला तिथे पोचले. कागदात लिहिलं होतं, आधी जुनं काढा. त्यांनी काढलं. मग नवं टाकलं. ते उघडेना.

त्यांचा फोन आला. ती आवृत्ती बनवणाऱ्या प्रोग्रामरने तो स्पीकरवर टाकला, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"एक फाइल सापडत नाही म्हणतंय."

"असं कसं? माझ्याकडे तर चालतंय."

"तुझ्याकडे चालून काय उपयोग? पेशंट माझ्याकडे बसलेत."

"परत एकदा टाकून बघा ना, भाऊजी."

"तीनदा टाकलंय. जुनं परत पाठव, लवकर."

"पाठवतो, पण ते पोचायला वेळ लागेल. तोवर मशीन बंद करून चालू करून बघा."

साहेब चहा घेता घेता म्हणाले, "तिथलं मशीनच जुनाट असणार."

तेवढ्यात फोनमधून नर्सचा आवाज आला, "अहो दादा, अजून किती वेळ? शिंपीकाकांना धाप लागलीय. त्यांना थांबवता येणार नाही मला."

मी चार फुटांवर होतो. डोक्यावर प्रिंटर, वायर काढलेली. मित्रांनो, मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. अरे, ते आधी माझ्यावर का नाही टाकलंत?

नर्सने शेवटी शिंपीकाकांनाच त्यांचं ठरलेलं वजन विचारलं. त्यांनी आठवून सांगितलं. ते खऱ्या आकड्यापेक्षा दोन किलो कमी होतं. त्यामुळे शरीरातून पाणी जास्त काढलं गेलं, रक्तदाब घसरला आणि काका शुद्ध हरपून पडले. ते वाचले. पण रक्त काढण्यासाठी त्यांच्या डाव्या हातात ऑपरेशन करून एक खास शीर तयार केलेली होती. रक्तदाब पडल्यावर तिच्यात गुठळी झाली आणि ती कायमची बंद पडली.

भाऊजी अकराला परत आले. सरळ माझ्याकडे आले. पाच महिन्यांत पहिल्यांदा. हेल्मेटं खाली ठेवली. प्रिंटर उचलला आणि साहेबांच्या टेबलावर त्यांच्या कागदांवर नेऊन ठेवला. माझी वायर जोडली, मला कोरं केलं आणि पायऱ्यांचा कागद समोर घेऊन बसले. प्रोग्रामर न सांगता मागे येऊन उभा राहिला.

सगळं मिळून चाळीस मिनिटं लागली. माझ्या पडद्यावर तोच मजकूर आला. एक फाइल सापडत नाही.

मग हळूहळू प्रोग्रामरला आठवलं. सात महिन्यांपूर्वी भलत्याच कामासाठी त्याने आपल्या संगणकावर एक मदतीचं सॉफ्टवेअर टाकलं होतं आणि तो ते विसरून गेला होता. नवी आवृत्ती त्याच्याच टेकूवर उभी होती. तो टेकू त्याच्याकडे होता, जगात दुसऱ्या कुणाकडे नव्हता. म्हणून त्याच्याकडे चालत होतं. चाळीस मिनिटं, मित्रांनो! साहेब ज्या अख्ख्या दिवसाचं रडत होते, त्यातली एवढीच लागली.

दुपारी साहेब केंद्राला पाठवायचं पत्र सांगू लागले, "लिहा, आपल्याकडील संगणक जुना असल्याने..."

"थांबा," भाऊजी म्हणाले. "मशीनचं नाव घालू नका. माझं घाला, तुमचं घाला."

"भाऊजी, तुम्ही दुःखात आहात, मी समजू शकतो..."

"माझं दुःख मध्ये आणू नका, साहेब. तेच पुढे करून मी पाच महिने गप्प बसलो. तिनं हे एका सकाळी पकडलं असतं. मला ठाऊक होतं आणि मी बोललो नाही."

पत्रात तपासणी न केल्याचं लिहिलं गेलं. खाली साहेबांची सही होती आणि भाऊजींचीही.

दुसऱ्या दिवशी ते शिंपीकाकांना भेटून आले. आल्यावर माझ्यासमोर बसले आणि प्रोग्रामरला सांगू लागले. डायलिसिससाठी सध्या काकांच्या मानेत नळी घातली आहे. नवी शीर आता उजव्या हातात तयार करावी लागणार. काका कपडे शिवतात, तो त्यांचा कात्रीचा हात. कित्येक आठवडे जड काही धरायचं नाही. काकांनी विचारलं, "तुमच्या मशीनला झालं होतं काय हो?"

"मग काय सांगितलंत?" प्रोग्रामरने विचारलं.

"म्हटलं, मशीनला काही झालं नव्हतं. आम्ही तपासलं नव्हतं."

आता सकाळी भाऊजी या टेबलावर बसतात. ताईंइतका त्यांचा हात चलाख नाही, बटणं शोधत बसतात. पण कागदात नसेल ते करत नाहीत. परवा अकरा चुका निघाल्या आणि काम दोन दिवस लांबलं. साहेब रागावले. रागावू देत.

मित्रांनो, मला पुसून ठेवा, माझ्यावर कापड घाला, असं मी सांगणार नाही. तुम्ही मोठे होऊन काहीही बनवाल, ते आपल्या टेबलावर चाललं म्हणून खूश होऊ नका. ते ज्याच्या दारात जाणार आहे त्याच्याकडे काय आहे आणि काय नाही, हे आधी बघा. गेलेल्या माणसाचे फोटो लावण्यापेक्षा त्याचं काम चालू ठेवा.

शिंपीकाकांचं ऑपरेशन गुरुवारी आहे. त्या हातात पुन्हा कात्री येईपर्यंत तरी मला शांत हो म्हणू नका.