खालच्या खणातली हार्ड डिस्क

मित्रांनो, संगणकाच्या पत्र्याच्या पेटीत, खालच्या खणात चार स्क्रूंवर बसलेली मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. माझा जन्म अशा कारखान्यात झाला, जिथे धुळीचा कणही आत सोडत नसत. पुढचं सगळं आयुष्य मात्र शिंप्याच्या दुकानामागच्या खोलीत गेलं. तिथे हवेत खडूची भुकटी आणि सुताचे धागे असतात. नशीब म्हणतात ते हेच असावं.

या खोलीत मावशी कपडे बेतते. भाची तिला मावशी म्हणते, म्हणून मीही. गिऱ्हाइकाची मापं घालून ती पडद्यावर पॅटर्न आखायची, कागदावर छापायची, आणि ती रेघ न् रेघ मी सांभाळून ठेवायची. टपालवाल्या आजोबांचा डावा खांदा उजव्यापेक्षा पाऊण इंच खाली आहे. जन्मभर पिशवी वाहिली. मावशीनं शिवलेला कोट घालून ते आरशासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "आज सरळ दिसतोय मी." श्रेय मावशीला गेलं. मीही होते तिथे, पण ते असो.

मग भाची शिकायला म्हणून राहायला आली आणि माझ्या वरच्या खणात तिनं नवी डिस्क बसवली. तिच्यात संगणक चालवणारी नवी प्रणाली, माझ्यात जुनी. ती फिरत नाही, कुरकुरत नाही, तापत नाही. तिच्यात खोट शोधायला मी बरेच महिने दिले. वेळच वेळ होता. संगणकाचं मशीन लावलं की पडद्यावर दोघींची नावं यायची. दहा सेकंदांत कुणी काही दाबलं नाही तर नवी उघडायची. म्हणजे रोज दहा सेकंद मी उमेदवार असायची. पुढे मावशीचं काम कमी होत गेलं आणि निकाल रोज एकच लागू लागला.

एके दिवशी भाचीला माझा खण हवा झाला. तिनं माझी केबल उपसली आणि बटण दाबलं. काळा पडदा, त्यावर एकच ओळ, की सुरू करण्याजोगी डिस्क सापडत नाही.

"नवी गेली," भाची म्हणाली. तिचा चेहरा पडला.

दुरुस्तीवाला आला. त्यानं पेटी उघडली आणि विचारलं, "ताई, नवी बसवताना जुनीची केबल काढली होतीत?"

"नाही. कशाला काढायची?"

"मग सुरू होण्याची फाइल जुनीवरच जाऊन बसली. इतके दिवस नवीला हीच हाक मारून उठवत होती."

तीन वर्षं. कुणी आधी सांगितलं असतं, तर जरा ताठ बसले असते.

त्यानं नवीला तिची स्वतःची सुरुवात लिहून दिली. ती माझ्यावाचून उठली. मग तो म्हणाला, "आता जुनीची गरज नाही. पुसून टाकू?"

"टाका. जुनंच सगळं आहे," भाची म्हणाली.

मावशीनं तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या. "माझी माणसं आहेत त्यात."

"किती, मावशी?" त्यानं विचारलं.

"अकराशे चाळीस. टपालवाल्यांना कोट हवाय, नातीच्या लग्नाला. अंथरुणावरून उठवत नाही त्यांना. नवं माप घेऊ कसं?"

"फाइली नवीवर टाकून देतो की."

त्यानं टाकल्याही. नवीनं त्या ठेवून घेतल्या, पण एकही उघडली नाही. मावशीचा पॅटर्न आखायचा जुना प्रोग्रॅम तिच्यावर चालेना. त्यानं मान खाजवली आणि माझी केबल परत जोडली.

"राहू दे हिला. पण आता दोघी सुट्या. आधीसारखी नावं येणार नाहीत. मशीन लावल्या लावल्या एफ-बाराचं बटण दाबत राहायचं, मग हिला निवडायचं." त्यानं चिठ्ठी लिहून पडद्याच्या कडेला चिकटवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी बसली. मित्रांनो, कापड नीट बघितल्याशिवाय कात्री लावायची नाही, असा तिच्या हाताचा रिवाज आहे. तिनं मशीन लावलं, चिठ्ठी वाचली, पडद्यावर अक्षरं दिसेपर्यंत थांबली, आणि मग दाबलं. तोवर नवी उघडली होती. तिनं बंद करून पुन्हा लावलं, आणि पुन्हा थांबली. तिसऱ्यांदाही तसंच. मी प्रत्येक वेळी फिरायला लागून तयार होते. भाची शेजारच्या टेबलावर कानांत इअरफोनची बोंडं घालून बसली होती. मावशीनं तिच्याकडे एकदा बघितलं आणि कोट अंदाजानं हातानंच आखायला खडू शोधू लागली.

मित्रांनो, जुन्या वस्तू झाडूनपुसून ठेवा, असं आमच्यासारख्यांनी तुम्हाला सांगायची पद्धत आहे. माझी धूळ राहू द्या. पण तुमच्या घरात कुणी तेच बटण तिसऱ्यांदा दाबत असेल, तर उठून त्यांच्या खुर्चीमागे जा आणि नेमक्या क्षणी म्हणा, "आता." मीच म्हटलं असतं, पण मला नुसतं फिरता येतं.