दुसरा आकडा

नर्सने फोरमनच्या दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळला आणि फॉर्मवरचं नाव पुन्हा एकदा वाचलं. नऊ वर्षं तिने या माणसावर डूख धरला होता. गोदीच्या दवाखान्यात ती यंदाच लागली होती, आणि आज तो आपल्या पायांनी तिच्या खोलीत आला होता.

गोदीत क्रेनवर चढणाऱ्या प्रत्येकाची वर्षातून एकदा तपासणी होई. बीपी दीडशेच्या पुढे गेलं की क्रेन कायमची बंद.

"तपासणी म्हटली की छातीत धडधडतं, सिस्टर," तो म्हणाला. "वर क्रेनवर कधी होत नाही असं."

"पाच मिनिटं शांत बसा. पाय खाली टेकवा. बोलू नका."

हीच पाच मिनिटं तिच्या बाबांना कुणी दिली नव्हती. त्या दिवशी जहाज खोळंबलं होतं. याच फोरमनने त्यांना चार जिने पळवत तपासणीला वर आणलं, "आटपा लवकर," म्हणून तेव्हाच्या नर्सच्या मागे लागला आणि बाबा धापा टाकत असतानाच पट्टा आवळला गेला. एकशे अडुसष्ट. बाबांना क्रेनवरून उतरवून फाटकावर पहाऱ्याला बसवलं. निवृत्त होईपर्यंत त्यांनी पुन्हा क्रेनकडे मान वर करून पाहिलं नाही.

तिलाही ती पाच मिनिटं गाळता आली असती. पण तिला तो नियमाने पडायला हवा होता. उद्या कुणाला बोट ठेवायला जागा नको.

पहिला आकडा एकशे छप्पन्न आला. फोरमनने मान वाकवून यंत्राच्या पडद्यावर तो वाचला.

"थोडं थांबून परत मोजायचं असतं," ती म्हणाली. "फॉर्मवर दुसरा आकडा जातो."

गप्प बसायचा नियम पेशंटला होता. नर्सला नव्हता. तिने खुर्ची पुढे ओढली.

"माझे बाबा तीन नंबरच्या क्रेनवर होते," ती म्हणाली. "त्यांना तपासणीला धावत वर आणणारे तुम्हीच."

मग तिने सगळं सांगितलं. जिने, धाप, फाटक, घरात मिटून गेलेलं त्यांचं तोंड. वर्षानुवर्षं मनात घोटलेली वाक्यं होती ती. एकही अडखळलं नाही. फोरमन तिच्याकडे बघत ऐकत राहिला. शेवटचं वाक्य संपताच तिने बटण दाबलं. पट्टा फुगला, सुस्कारत सैल झाला.

एकशे बत्तीस.

तिने डोळे बारीक करून पडद्याकडे पुन्हा पाहिलं.

"बरं झालं तुम्ही बोलत बसलात," बाही खाली करत फोरमन म्हणाला. "लक्ष तिकडे गेलं, धडधड थांबली. वडील कसे आहेत आता?"

"गेले."

"अरेरे." त्याने क्षणभर आठवून पाहिलं. "झालंही असेल तसं. घाई काय, रोजचीच. किती जण आले नि गेले, चेहरे कुठे लक्षात राहतात?"

तिने पेन उचललं. एक लिहिला. पुढे तीनच्या जागी पाच काढायला कितीसा वेळ लागणार होता. पेन तिथेच टेकून राहिलं आणि कागदावर शाईचा ठिपका पसरू लागला.

फोरमन टेबलावर वाकला.

"सिस्टर, हात थरथरतोय तुमचा," तो काळजीने म्हणाला. "पाच मिनिटं शांत बसा."