ताटातला भात

"पंखा सरांकडे, घाम आमच्याकडे," मनांग पासिंग, म्हणजे पासिंगताई, ग्लेंडाच्या कानाशी पुटपुटली. "आणि म्हणे उन्हाळा लिहायला बरा!"

सरांचं म्हणणं खरंच तसं होतं. शाळेतून निवृत्त झाल्यापासून दर एप्रिलला ते एस्तान्सिया गावाच्या वाचनालयात लोकांना लिहायला बसवत. शाळांना सुट्टी, समुद्र शांत, दुपारी उन्हात कुणी बाहेर पडत नाही. स्वतःशी बोलायला याहून चांगला मोसम कुठला? नियम दोनच. कागदावर नाव घालायचं नाही, आणि चर्चा संपेपर्यंत लिहिणाऱ्याने तोंड उघडायचं नाही.

आजची गोष्ट कुणाची, हे गावच्या माणसांना सांगावं लागत नव्हतं. वादळात होडीसकट गेलेला मुलगा घरी येतो, आई त्याला जेवायला वाढते. पहिल्या उन्हाळ्यातल्या गोष्टीत तो होडीने आला होता, मागच्या वर्षी बसने. यंदा चालत.

ग्लेंडाने सासूकडे बघायचं टाळलं. आई म्हणून जिला ती नानाय म्हणायची, त्या सासूला इथे तिनेच आणलं होतं. घरात ग्लेंडाच्या नवऱ्याचं, रामिलचं, नाव निघत नसे. कागदावर तरी म्हातारी मोकळी होईल, मग चर्चमध्ये त्याच्या आत्म्यासाठी प्रार्थना करता येईल, एवढीच तिची आशा. तोवर रोज संध्याकाळी ग्लेंडा त्याचं ताट मांडत होती. नानायच्या समाधानासाठी. दुसरं काय?

"चालत आला तो कुठून? ते यायला हवं," मागून कुणीतरी म्हणालं.

"ते राहू दे. माशाचं आंबट कालवण काय झकास उतरलंय!" मनांग पासिंग म्हणाली. "आमच्या सूनबाईंना वाचायला द्या. तिचं कालवण खाऊन मांजर घर सोडून गेलं."

सगळे हसले. जरा जास्तच हसले. वादळाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

पोस्टात यंदाच बदलून आलेल्या एल्मेरला यातलं काही ठाऊक नव्हतं. तो कागद चाळत म्हणाला, "एक चूक राहिलीय, सर. हा इतका वेळ जेवतोय, पण ताट शेवटपर्यंत भरलेलंच. भात कमीच होत नाही. लिहिणारा विसरला वाटतं."



"किरकोळ आहे," सर घाईघाईने म्हणाले. "दोन घास खाल्ले, एवढी ओळ घातली की झालं."

"घालू या!" ग्लेंडा बोलून गेली. आपला आवाज एवढा चढेल असं तिला वाटलं नव्हतं. "पोटभर जेवला असंच लिहू ना, नानाय. भूक लागली असेल त्याला."

नानायने मान वळवून सुनेकडे पाहिलं. सरांनी नियमाची आठवण करून द्यायला हात उचलला आणि तसाच खाली घेतला.

"विसरले नाही मी," म्हातारी म्हणाली. "भात कमी होईल कसा, पोरी? रामिल बुडाला. तू रोज ताट मांडतेस, म्हणून मी त्याला आणून बसवते."